जमीलाभाभीचा उजवा हात

बांगडी फुटली असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही. फुटणं विधवेच्या वाट्याचं, म्हणून नवरा जिता असलेल्या बाईची बांगडी 'वाढते'. जमीलाभाभी हा शब्द इतका पाळायची, की तिच्या हातून कपबशी पडली तरी ती वाढायची. एकदा तर तिच्या नवऱ्याच्या, इनायतभाईंच्या सायकलची ट्यूबसुद्धा वाढली होती. मी उमरेडकडची, इथे उपकेंद्रावर नर्स म्हणून आले, तेव्हा मला ह्याचं फार हसू यायचं.

जमीला मनिहारीण, गावोगाव बांगड्या भरणारी. राहायला सावली गावात. सावलीपासून वैनगंगेच्या अंगाने धानाची जी गावं लागतात, ती सगळी ह्या नवराबायकोची. इनायतभाई सायकलच्या कॅरिअरवर बांगड्यांची पेटी बांधून पुढे, ही मागून चालत. माल आणणं, उधार-पाधार, सायकल ढकलणं, हे त्यांचं काम. बाईच्या हाताला हात लावायचा तो फक्त हिने. गावात शिरताच इनायतभाई पेटी उतरवून द्यायचे आणि दूर पानठेल्यावर जाऊन बसायचे.

बांगडी भरण्यात एवढं काय आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी धानाची रोवणी करणाऱ्या बाईचा हात पाहावा. चिखलात राबून हाडं रुंद झालेली, कातडी भेगाळलेली, आणि हौस मात्र अशी की बांगडी मनगटाला घट्टच पाहिजे. जमीला असा हात घ्यायची, अंगठ्याखालचा गोळा दाबून आत वळवायची आणि तुमच्या सासूची चौकशी करायची. तुम्ही सासूच्या नावाने बोटं मोडेपर्यंत बांगडी मनगटावर गेलेली असायची. ती हाताकडे पाहायचीच नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "डोळ्यानं भरते ते दुकानदारीन, नर्सबाई. बोटानं भरते ते मनिहारीन. हाड अडलं का नाई, दुखून राह्यलं का नाई, ते बोटाले समजते."

आमच्या गावात तिच्यापुढे पहिला हात यायचा आशाबाईचा. आशाबाई म्हणजे देवाजीभाऊंची बायको, उपकेंद्राच्या पलीकडचं घर. तोंडाने फटकळ, मनाने बरी. तिचा हात भरल्याशिवाय दुसरीने बसायचं नाही असा अलिखित कायदाच होता, आणि तो कायदा आशाबाईनेच केलेला होता.

२००३ सालच्या फाल्गुनात तिच्या रंजीताचं लग्न झालं. नवरा मुलगा भद्रावतीच्या कारखान्यात. हिरवा चुडा भरायला अर्थातच जमीला. मांडवात बायकांची ही गर्दी. चुडा भरता भरता एक बांगडी वाढली, आणि रंजीताच्या मनगटावर रक्त दिसलं. बायकांच्या तोंडचं पाणी पळालं. चुड्याच्या वेळी रक्त म्हणजे काय काय होतं, ते सांगणाऱ्या दोघीतिघी लगेच पुढे सरसावल्या. मी कापूस घेऊन धावले, मनगट पुसलं. मनगटावर ओरखडाही नव्हता. रक्त जमीलाच्या उजव्या करंगळीचं होतं. काचेचा तुकडा मांसात उभा रुतला होता आणि ती दुसऱ्या बांगडीला हात घालत होती.

"भाभी, तुला लागलंय," मी म्हणाले.

"कुठी?" ती म्हणाली.

त्या एका 'कुठी'वरून मी समजायचं ते समजले. चुडा पुरा होऊ दिला आणि तिला उपकेंद्रात नेलं. दंडावर आणि पाठीवर फिकट चट्टे होते. कापसाचा बोळा लावला तर तिला कळेना. कोपराच्या आतल्या बाजूची शीर, रक्ताची नव्हे, स्पर्श कळवणारी, दोरीसारखी जाड हाताला लागली. आमच्या भागात नर्सला हे ओळखायला डॉक्टर लागत नाही, इतका हा रोग इथे घरचा आहे. सरकारी भाषेत कुष्ठरोग, गावात रगतपिती, आणि खरं तर गावात त्याचं नावच घेत नाहीत.

तिला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. तिने एकच विचारलं, "हात राहीन का?"

नवरा राहील का, संसार राहील का, पोरीचं लग्न होईल का, ह्यातलं काही नाही. मी म्हणाले, वर्षभर गोळ्या घेतल्यास तर राहील. ह्या रोगाच्या गोळ्या चांगल्या आहेत, जंतू मरतो, आणि गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागतही नाही. तिने पाकीट कमरेला खोचलं आणि इनायतभाईंच्या मागे चालू लागली.

वैशाखात ती पाकीट घ्यायला आलीच नाही. मी वाट पाहिली आणि मग तडक सावलीची बस धरली. घरात जमीला खाटेवर बसली होती, उजवा हात उशीवर. चट्टे लालभडक होऊन फुगले होते, हात लावला तर चटका बसावा. कोपराला नुसतं बोट टेकवलं तर ती किंचाळली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळू लागलं होतं.

"गोळ्या?" मी विचारलं.

"बंद केल्या जी," इनायतभाई म्हणाले. "लय गरम पडल्या. एवढ्या उन्हात! चट्टे पहा कसे भडकले. आता आंबील देऊन राह्यलो, थंड."

गोळी खाल्ल्यावर आजार भडकला, म्हणजे दोष गोळीचा. ह्यात चूक काढायला जागा नाही. शहाण्यातला शहाणा माणूस हेच करील. तरी मी चिडले. माझा स्वभावच तसा. मी त्या दोघांना जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही, आणि बोलता बोलता तिची चप्पल शोधून तिच्या पायापुढे ठेवली. परतीच्या बसने आरोग्य केंद्र गाठलं.

तिथले डॉक्टर गेडाम म्हणजे कोरपन्याचा माणूस, कापूसवाल्याचा मुलगा. शांत बोलायचे. त्यांच्या टेबलावर वर्तमानपत्र पडलेलं होतं, त्यात तोंडाला फडकी बांधलेल्या चिनी माणसांचा फोटो. त्या दिवसांत सार्सच्या बातम्या रोज असायच्या. डॉक्टरांनी हात तपासला, शीर तपासली, आणि मला म्हणाले, "बरं झालं आज आणलंत." मग जमीलाकडे वळले.

"भाभी, गोळ्या गरम पडल्या नाहीत. गोळ्यांनी जंतू मारले. हात बिघडवला तो जंतूने नाही. तुमच्याच रक्तातल्या फौजेने."

जमीलाने इनायतभाईंकडे पाहिलं.

डॉक्टर म्हणाले, "रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यांच्यातल्या एका जातीला टी-पेशी म्हणतात."

"टी म्हंजे चाय?" इनायतभाईंनी विचारलं.

"चाय नाही. छातीच्या हाडामागे एक गाठ असते, तिच्या इंग्रजी नावातला टी. तिथे ह्या पेशी शिकून तयार होतात. जंतू आपल्याच अंगात घर करून लपला, तर त्याला हुडकणं हे त्यांचं काम. तुमचा जंतू शिरेच्या आत लपून बसला होता, कित्येक वर्षं. फौजेला पत्ताच नव्हता. गोळ्यांनी जंतू मरायला लागले आणि आता फौजेला जाग आली. ती शिरेत घुसली. शीर म्हणजे बारीक नळी. आत गर्दी झाली, सूज आली, आणि शीर चेंगरली. जंतू मेलेत, पण मार अजून चालू आहे."

इनायतभाईंनी एकदा दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "समजलं. जंगलाकडच्या गावासारखं. रात्री जंगलातले जेवून जाते, आन सकाळी पोलिसाचा मार गाव खाते."

डॉक्टरांनी मान हलवली. हे उदाहरण त्यांनी स्वतः कधी दिलं नसतं.

त्यांनी वर्तमानपत्र पुढे ओढलं. "ही नवी बिमारी पाहा. करोना जातीचा विषाणू आहे म्हणतात, फुप्फुसात शिरतो. तिथेही ह्याच टी-पेशी लढतात. ज्या पेशीत विषाणू शिरला ती पेशी हुडकून मारतात, आणि वेळेवर आल्या, नेमक्या आल्या, तर माणूस वाचतो. पण तिथले डॉक्टर लिहितात, काहींच्या रक्तात ह्या पेशी एकदम कमी होऊन जातात. आणि काही रोगी विषाणू उतरायला लागला तेव्हाच जास्त बिघडतात. मग मारतो कोण? विषाणू, का आपलीच फौज? अजून पक्कं कोणालाच माहीत नाही. मला तर मुळीच नाही. पण तुमचा हात पाहिला की वाटतं, असं होऊ शकतं."

"म्हंजे माझी ताकद कमी नाई झाली," जमीला म्हणाली.

"नाही. उलट ताकद वाढली, म्हणून हे झालं."

ती आपल्या वळलेल्या बोटांकडे पाहत होती. "आमच्या धंद्यात वाढली म्हंजे फुटली, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली.

मला ह्या शब्दाचं हसू येणं त्या दिवशी संपलं.

डॉक्टरांनी फौजेला आवरणाऱ्या दुसऱ्या गोळ्या दिल्या, पहिल्या गोळ्याही चालूच ठेवायला सांगितल्या, आणि हात गळ्यात बांधून दिला. मीठ कमी, आणि हाताने काडीचंही काम नाही. लग्नसराई भरात होती. दरवर्षी ह्या दिवसांत जमीलाला जेवायला फुरसत नसायची. त्या वर्षी ती हात गळ्यात अडकवून खाटेवर बसली आणि इनायतभाई एकटेच सायकल घेऊन बाजार करू लागले. गोळ्यांनी तोंड गोल झालं, कातडी काळवंडली. आरशात पाहणं तिने सोडून दिलं. रोज उठून पहिलं काम एकच, करंगळी सरळ होते का ते पाहणं.

शीर मऊ पडायला पावसाळा उजाडला. मी तिला डोळे मिटायला सांगून पेनाच्या टोकाने बोटं तपासायची. ती सांगायची: हे अंगठ्याजवळचं, हे मधलं. पुढे करंगळीशेजारचंही सांगू लागली. करंगळीवर मी टोक टेकवलं की मात्र गप्प. मी पुन्हा टेकवायची, ती पुन्हा गप्प. कधी कधी अंदाजाने सांगायची, आणि मी पेन उचललेला असायचा.

पण चिमटीत जोर परत आला होता. खात्री करायला तिने इनायतभाईंच्याच हातात बांगड्या भरायला घेतल्या. एकदा मी दारात जाऊन उभी राहिले तर हा दाढीवाला माणूस दोन्ही मनगटांत हिरव्या बांगड्या घालून चहा गाळत होता. मला पाहून लाजला बिचारा. जमीला कित्येक महिन्यांनी खळखळून हसली, आणि मला वाटलं, सुटलो आपण. हात राहिला.

दिवाळीच्या तोंडावर ती पेटी घेऊन गावात आली. बायका जमल्या. रंग पाहिले, मापं पाहिली, भाव केला. आणि मग पहिली बाई म्हणाली, "कागदात बांधून दे व भाभी. घरीच भरतो." दुसरी म्हणाली, लेकराले दूध पाजायचं आहे. तिसरीने कारणही सांगितलं नाही. आरोग्य केंद्रात तिला कोणीतरी पाहिलं होतं, आणि खेड्यात एकाने पाहिलं म्हणजे सगळ्यांनी पाहिलं.

शेवटी आशाबाई आली. जमीलाने सवयीने हात पुढे केला. आशाबाईने तिच्यासाठी चहा आणला होता, घरच्याच कपात. लेकीची खबर सांगितली, जमीलाच्या पोरीची, शाजियाची विचारली. डझनभर बांगड्या पसंत केल्या. मग पदराआड हात घेत म्हणाली, "ठेवून जाय भाभी. सध्या हात चिखलाचे हायेत माहे."

दिवाळीच्या तोंडी आमच्याकडे धान कापणीला येतं. चिखल कुठून आणला तिने?

मी घरोघर फिरले. औषध सुरू झालं की लागत नाही, हे हजारदा सांगितलं, ओरडून सांगितलं. बायका मान डोलवायच्या. "बरोबर आहे जी नर्सबाई," म्हणायच्या. आशाबाईला मी तोंडावर विचारलं, तर ती खाली पाहून म्हणाली, "मले समजते. पन हात मांगंच सरते, मी का करू?" मला तिचा राग आला, आणि खोटं का बोलू, ती खरं बोलली म्हणून रागात दमही राहिला नाही.

पुढच्या खेपेला सगळ्यांसमोर मीच बसले आणि हात पुढे केला. ड्यूटीमुळे मी काच घालत नाही, तरी बसले. जमीलाने माझा हात हळूच बाजूला सारला. "तुमी दवाखान्याच्या बाई. तुमी तर कोनाचाही हात धरता. तुमचा हात गावात मोजत नाईत," ती म्हणाली. तिचं बरोबर होतं, म्हणून मला जास्त लागलं.

ती येत राहिली. बांगड्या खपत होत्या, तक्रार तशी काही नव्हती. इनायतभाई म्हणाले, बाजारात ठेला टाकू, बसून विक. ती नको म्हणाली. कागदात बांधून देताना तिचा चेहरा पाहवत नसे. गोळ्यांचं वर्ष पुरं झालं, डॉक्टरांनी रोग संपला असं सांगितलं, आणि तिने ते असं ऐकलं जसं दुसऱ्याच कोणाबद्दल सांगताहेत. मला वाटायचं, आम्ही हिचा हात वाचवला, पण कशासाठी? डॉक्टरांच्या त्या फौजेवर औषध होतं. गावाच्या ह्या जागेपणावर माझ्याजवळ काही नव्हतं.

दुसऱ्या वर्षी रोवणीच्या दिवसांत आशाबाई गेली. मण्यार चावली होती. खाली अंथरुणावर झोपली ती सकाळी उठलीच नाही. रंजीता भद्रावतीहून यायची होती, चंद्रपूरला बस बदलून, रस्त्यात नाल्यांना पूर. तिच्यासाठी मयत ठेवलं. ती पोचली तेव्हा दुपार कलली होती.

सवाष्ण गेली म्हणजे तिला नवं लुगडं, कुंकू आणि हिरव्या बांगड्या. लुगडं नेसवलं, मळवट भरला. बांगड्या मात्र चढेनात. शरीर ताठ झालं होतं आणि उजव्या हाताची मूठ वळलेली. तिच्या जावेने जोर केला, बांगडी वाढली. दुसरीने तेल लावून पाहिलं, आणखी एक वाढली. सवाष्णीच्या मयताजवळ हिरव्या काचा पडल्या तशी बायकांची कुजबूज सुरू झाली. रंजीता भिंतीला डोकं आपटून रडत होती, मायले मोकळ्या हातानं नेऊ नका म्हणत होती.

ओसरीवरून देवाजीभाऊ उठून आत आले. एवढंच म्हणाले, "जमीलाभाभीले बलावा."

कोणी एकमेकींकडे पाहिलं नाही. देवाजीभाऊंच्या पुतण्याची मोटारसायकल सावलीला गेली आणि ओल्या रस्त्याने तिला घेऊन आली. जमीला दारात चप्पल काढून आत आली. बायका बाजूला झाल्या. ती आशाबाईजवळ बसली, कोमट पाणी मागितलं, फडकं भिजवून मुठीवर ठेवलं. मग एकेक बोट चोळत उघडायला लागली. करंगळीने नाही, अंगठ्याने आणि दोन बोटांनी. घाई नाही. पाणी निवलं की पुन्हा मागायची. घरात रडण्याचा आवाज हळूहळू कमी झाला आणि सगळ्या तिच्या हातांकडे पाहू लागल्या. तिने अंगठ्याखालचा गोळा दाबला, आत वळवला आणि पहिली बांगडी सरकवली. मग दुसरी. एकही वाढली नाही. दोन्ही मनगटं भरून झाली.

बाहेर तिरडी तयार होती. चौघं जण उचलायला आत आले आणि थांबले, कारण जमीलाने आशाबाईचा हात सोडला नव्हता. आपल्या दोन्ही तळव्यांत धरून ती तशीच बसली होती.

"भाभी," देवाजीभाऊ म्हणाले, "झालं ना. सोड आता."

"थांबा जी देवाजीभाऊ," जमीला म्हणाली. "लय दिवसानं देल्ला हिनं हात."

बायकांनी पदर तोंडाला लावले. उचलणारे चौघे दाराशीच उभे राहिले, आणि तिने आपणहून सोडीपर्यंत कोणी पुढे झालं नाही.